अणूंचे पुंजके आणि प्रकाशाचे ठोके



आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती तुमच्यापैकी कोणी पाहिलेली नाही, आणि मीही पाहिलेली नाही. ती वस्तू म्हणजे अणूंचा पुंजका. एकटादुकटा अणू नव्हे, आणि हातात धरता येईल असा खडाही नव्हे. पाचपन्नासपासून लाखभर अणू एकमेकांना जेमतेम बिलगून बसलेले असतात, त्याला पुंजका म्हणायचे. काही हजार अणूंचा पुंजका घेतला तर आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे सातआठ हजार पुंजके ओळीने मावतील.

हा पुंजका करायचा कसा? त्याची कृती मोठी सोपी आहे. आपण घेतो त्या हवेत शेकडा एक भागाच्या आतबाहेर आर्गॉन नावाचा वायू असतो. तो कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. कशाशी संयोग पावत नाही. असा आर्गॉन मोठ्या दाबाने एका टाकीत भरायचा आणि सुईच्या अग्राएवढ्या भोकातून एकदम निर्वात पेटीत सोडायचा. सायकलच्या ट्यूबमधली हवा झपकन सोडली तर व्हॉल्व्हपाशी बोटाला गार लागते, हे तुम्हाला माहीत आहे. तेच येथे फार मोठ्या प्रमाणावर होते. पसरता पसरता वायू इतका गारठतो की एरवी एकमेकांना न विचारणारे अणू थंडीतल्या कोकरांसारखे एकमेकांना चिकटतात. झाला पुंजका तयार. दाब वाढवला की पुंजका मोठा, कमी केला की लहान.

आता या पुंजक्यावर लेसरचा प्रकाश टाकायचा. लेसर १९६० साली निघाला. पण येथे लागतो तो साधा लेसर नव्हे. येथे प्रकाशाचा एक अतिशय आखूड ठोका हवा असतो. शास्त्राच्या पुस्तकात त्याला स्पंद म्हणतात. किती आखूड? तो मोजायला फेम्टोसेकंद हे माप आहे. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात, तितके सेकंद मोजायला बसलात तर ३ कोटी १७ लाख वर्षे लागतील. जो प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो, तो एका फेम्टोसेकंदात केसाच्या जाडीचा दोनअडीचशेवा भागही ओलांडत नाही.

असा ठोका नुसता आखूड असून भागत नाही, तो जबरही असावा लागतो. येथे बरीच वर्षे घोडे अडले होते. प्रकाश वाढवायचा तो एका स्फटिकातून नेऊन. पण सगळा जोर एका क्षणात आला की स्फटिकच फुटे. यावर तोड काढली ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी, १९८५ साली. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत अरुंद दारातून गर्दी न्यायची झाली तर काय करतात? ओळ लावतात, माणसे एकामागून एक सोडतात, आणि पलीकडच्या मैदानात ती पुन्हा एकत्र येतात. या दोघांनी प्रकाशाच्या ठोक्याला तसेच केले. आधी त्याला हजारोपट लांब ताणले, मग स्फटिकातून नेऊन वाढवले, आणि शेवटी पुन्हा आवळून आखूड केले. या युक्तीबद्दल २०१८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आज अशा लेसरने चौरस सेंटिमीटरला ५ वर १४ शून्ये इतके वॉट सहज पाडता येतात. आपल्या वैशाखातल्या भर दुपारच्या उन्हात त्याच जागेवर पडतो तो वॉटचा जेमतेम दहावा हिस्सा.

एवढ्या जबर प्रकाशात अणू सापडला की त्याच्यातला इलेक्ट्रॉन उपटला जातो आणि मागे उरतो तो धन विद्युतभाराचा आयन. या उपटण्याला आयनीभवन म्हणतात. एकटा अणू असेल तर गोष्ट येथेच संपते. इलेक्ट्रॉन गेला, आयन राहिला. पण पुंजक्यात तसे नाही. पुंजक्यातल्या अणूपासून सुटलेला इलेक्ट्रॉन बाहेर पळू पाहतो, तो आजूबाजूचे हजारो आयन त्याला ओढून धरतात. घर सुटले पण गाव सुटले नाही, अशी त्याची स्थिती होते. मग हे गावात अडकलेले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर पुढेमागे हेलकावे खाऊ लागतात, आयनांवर आदळतात, आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात. पुंजका तापतो, फुगतो आणि शेवटी फुटतो.

तो फुटतो तेव्हा काय होते, हे १९९७ साली लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात टॉड डिटमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले, आणि जगभरचे लोक चकित झाले. सुमारे अडीच हजार झेनॉन अणूंच्या पुंजक्यातून निघालेल्या काही आयनांची शक्ती दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत गेली होती. बॅटरीच्या दीड व्होल्टच्या सेलने एका इलेक्ट्रॉनला जो धक्का बसतो, तसे साडेसहा लाखांहून अधिक सेल एका रांगेत जोडले तर एवढी शक्ती मिळेल. हे सारे एका टेबलावर.

मग सगळ्यांना वाटले की ठोका जितका जबर, तितका फायदा जास्त. वाटणे साहजिक आहे. पण खरी गंमत पुढेच आहे.

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की कुंभारी लागते. विडी कामगार भगिनींची दहा हजार घरांची, गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत तेथे आहे. मागे एकदा तेथील मुलांशी याच विषयावर बोलण्याचा योग आला. वसाहतीतली मुले होती, शेतकऱ्यांची होती. मी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या: एक ठोका उंच आणि अरुंद, दुसरा बुटका आणि रुंद. दोन्हींत प्रकाश सारखाच, फक्त एक चटकन संपणारा आणि दुसरा सावकाश चालणारा. विचारले, पुंजक्याला जास्त कोण फोडील? सगळ्या वर्गाने उंच ठोक्याला हात वर केले. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, “सर, धो धो पाऊस ओढ्यानं निघून जातो. जिरतो तो भीज पाऊस. मग बुटक्यानंच जास्त होईल की!”

तिला कुणी हे शिकवले नव्हते. आणि उत्तर बरोबर होते.

१९९९ साली जर्मनीतल्या रोस्टॉक येथे प्लॅटिनमच्या पुंजक्यांवर हाच प्रयोग झाला होता. ठोक्यातली एकूण शक्ती तीच ठेवून त्याची लांबी वाढवीत नेली. म्हणजे प्रकाशाचा कमाल जोर घटत गेला. तरी आयनांवरचा भार घटण्याऐवजी वाढला! शेसहाशे फेम्टोसेकंदांच्या लांब ठोक्याने जे साधले, ते त्याहून कितीतरी जोरदार अशा आखूड ठोक्याने साधले नाही.

याचे कारण काय? झोपाळ्याचे उदाहरण घेऊ. झोपाळ्याला स्वतःचा एक ताल असतो. त्या तालावर हात लावला तर लहान मूलसुद्धा झोका माडीपर्यंत नेईल. ताल चुकवून पैलवानाने जोर लावला तरी झोका चढत नाही. पुंजक्यात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या थव्यालाही असाच एक ताल आहे, आणि तो पुंजक्याच्या दाटीवर ठरतो. दाटी फार तर ताल फार जलद. सुरुवातीला पुंजका इतका दाट असतो की त्याचा ताल लेसरच्या लाटेपेक्षा पुष्कळ जलद पडतो. दोघांचे जमत नाही. पुढे पुंजका फुगू लागतो, दाटी कमी होते, ताल मंदावतो, आणि एक क्षण असा येतो की पुंजक्याचा ताल आणि प्रकाशाचा ताल एक होतात. त्या क्षणी पुंजका प्रकाश अक्षरशः पिऊन घेतो. पुढे तो आणखी फुगला की ताल पुन्हा बिघडतो.

म्हणजे प्रश्न जोराचा कमी आणि वेळेचा जास्त. तो क्षण येईपर्यंत प्रकाश तेथे हजर पाहिजे. आखूड ठोका येऊन निघून गेला, आणि पुंजका मागाहून तयार झाला, तर काय उपयोग? पाहुणे जेवून गेल्यावर पुरणपोळी झाली, तसे ते होईल. हा क्षण कधी येईल हेही ठरलेले नाही. मोठा पुंजका सावकाश फुगतो, लहान लवकर. झेनॉनचे अणू जड, ते हलायला वेळ लागतो. हायड्रोजनचे हलके, ते भराभर पांगतात.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांनी ती १९४५ साली स्थापिली. पुंजक्यांवर लेसर टाकण्याचे काम तेथे पुष्कळ वर्षे झाले आहे, आणि ते जगात नाव घेण्यासारखे आहे. २०१० साली दीपक माथूर आणि राजगरा यांनी या प्रश्नाची दुसरी बाजू तपासली. ठोका लांब केल्याने फायदा होतो हे ठीक. पण तो इतका आखूड केला की पुंजक्याला फुगायला अवसरच मिळू नये, तर? त्यांनी अवघ्या १२ फेम्टोसेकंदांचा ठोका घेतला. त्यात प्रकाशाच्या लाटा मोजून चार. पुंजके झेनॉनचे, पाचशेपासून पंचवीस हजार अणूंपर्यंतचे. निष्कर्ष असा निघाला की तेवढ्याच जोराच्या लांब ठोक्याने आयनांना जी कमाल शक्ती मिळते, तिच्यापेक्षा येथे ती खूपच कमी मिळाली. पुंजका फुटला, पण मवाळपणे.

दुसरी एक गोष्ट अनपेक्षित निघाली. प्रकाशलाटेतला विद्युतजोर ज्या दिशेला हलतो, त्या दिशेपेक्षा तिच्या आडव्या दिशेला जास्त आयन सापडले. त्या जोराबरोबर हलणारा इलेक्ट्रॉनांचा ढग एका बाजूने आयनांना झाकून धरतो आणि दुसऱ्या बाजूने उघडे टाकतो, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. म्हणजे प्रकाशाची दिशा फिरवली की आयन कोणीकडे जास्त जावेत हेही काही अंशी हाती येते.

येथून ‘नियंत्रण’ हा शब्द खरा वापरता येतो. अणू पकडून कुणाला बसवता येत नाही. पण वेळ हाती घेता येते. त्यातली उत्तम रीत म्हणजे एकाऐवजी दोन ठोके द्यायचे. कुंभारीच्या नावातच कुंभार आहे, म्हणून त्याचेच उदाहरण देतो. भट्टी लावताना कुंभार आधी मंद जाळ देतो, मग मोठा. मंद जाळाशिवाय मोठा जाळ दिला तर मडकी तडकतात. पुंजक्यालाही पहिला लहानसा ठोका नुसता फुगायला लावतो. मग काहीशे फेम्टोसेकंद थांबायचे. आणि नेमका ताल जुळण्याच्या वेळी दुसरा मोठा ठोका द्यायचा. फरक इतकाच की कुंभाराला मडके तडकायला नको असते आणि येथे तर फोडायचेच असते. दृष्टांत कधीच चारी पाय टेकत नाही.

हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी २००४ च्या सुमारास तर असे केले की ठोक्याचा आकार कसा असावा हे स्वतः ठरवलेच नाही. यंत्राला सांगितले, आकार बदलत राहा, ज्याने आयन जास्त भारित होतील तो ठेव, बाकीचे टाकून दे. शेतकरी चांगल्या कणसाचे बी राखून ठेवतो, तीच ही रीत. पिढ्यामागून पिढ्या निवड होत होत यंत्र जेथे येऊन थांबले, तो आकार होता मध्ये खंड असलेल्या दोन ठोक्यांचा. माणसाने विचाराने जे काढले होते, ते यंत्राने आंधळ्या निवडीने काढले.

दुसरी किल्ली पुंजक्याच्या घडणीत आहे. हेलियमचा अणू फार चिवट. सगळ्या मूलद्रव्यांत त्याचा इलेक्ट्रॉन उपटणे सर्वांत कठीण. एका ठराविक जोराच्या प्रकाशात हेलियमचा थेंब काचेसारखा पारदर्शक राहतो, प्रकाश आरपार जातो आणि थेंबाला काही होत नाही. २०११ साली एस. आर. कृष्णन आणि त्यांचे जर्मनीतले सहकारी यांनी, टाटा संस्थेतले एम. कृष्णमूर्ती यांच्यासह, अशा थेंबांत दुसऱ्या एका वायूचे मोजके अणू सोडले. दहासुद्धा नव्हेत, दहाच्या आत. आणि तेवढ्याने, अवघ्या दहाएक फेम्टोसेकंदांच्या ठोक्यात, सारा हजारो अणूंचा थेंब पेटला. प्रत्येक अणू आयन झाला आणि थेंब उधळला. कडब्याच्या गंजीत पडलेली ठिणगी आकाराने केवढी असते? शिवाय नुसत्या झेनॉनला जो आखूड ठोका पुरत नव्हता, तो येथे पुरला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण थेंबाच्या पोटात पेटलेला भाग गोल न राहता लांबट झाला, आणि लांबट आकाराचा ताल प्रकाशाशी लवकर जुळतो.

कृष्णमूर्तींच्या प्रयोगशाळेतला आणखी एक शोध सांगतो. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुंजक्यातून उधळलेल्या आयनांवर भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि त्यांचा झोत विस्कटतो. भार नसलेले अणू मिळाले तर ते सरळ जातील. पण भार नाही तर वेग द्यायचा कसा? कारण विजेने ढकलायचे तर भार पाहिजे. या मंडळींनी असे घडवून आणले की आधी आयन वेगाने सुटावेत, आणि वाटेत जे अर्धवट चेतवलेले पुंजके उभे असतात, त्यांच्यापाशी सैल झालेले इलेक्ट्रॉन त्यांनी जाता जाता उचलावेत. वेग तोच राहिला, भार तेवढा गेला. असे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातले आर्गॉनचे उदासीन अणू एका टेबलावरच्या यंत्रातून मिळाले.

आता कोणी विचारील, आणि विचारावेच, की या सगळ्याचा उपयोग काय? येथे मला दोन्हीकडून सावध राहायचे आहे. १९९९ साली अमेरिकेत जड हायड्रोजनचे पुंजके असेच फोडले, तेव्हा त्यांचे अणुगर्भ एकमेकांवर आदळून जुळले आणि न्यूट्रॉन निघाले. सूर्याच्या पोटात चालणाऱ्या क्रियेच्या जातीची ही क्रिया. त्यावरून लगेच वीज मिळेल असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. लेसरला जितकी शक्ती द्यावी लागते, तिच्या अत्यल्प अंशाएवढीही परत येत नाही. मात्र न्यूट्रॉनांचा क्षणभराचा झरा म्हणून तिची किंमत आहे.

दुसरा उपयोग उलट बाजूचा आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. शरीरातल्या प्रथिनांची घडण कळली तर त्यांवर औषध शोधणे सोपे जाते. ती क्ष-किरणांनी पाहतात. एकेकट्या रेणूचे चित्र घ्यायचे तर क्ष-किरण इतके जबर लागतात की रेणू पुंजक्यासारखाच फुटतो. मग चित्र कशाचे काढणार? २००० साली काही शास्त्रज्ञांनी मांडले की ठोका पुरेसा आखूड असेल तर रेणू हलण्यापूर्वीच चित्र निघून जाईल. मागाहून तो फुटेना का! २००९ साली कॅलिफोर्नियात तसे क्ष-किरण देणारे यंत्र सुरू झाले आणि प्रथिनांच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची चित्रे तशी घेतली गेली. आता रेणू किती फेम्टोसेकंद स्थिर राहतो, कुठला अणू आधी हलतो, हे कसे कळणार? साध्या आर्गॉन-झेनॉनचे पुंजके फोडून जे ज्ञान जमले, ते येथे कामाला येते. कुलाब्यात मवाळपणे फुटलेला पुंजका जे सांगतो, तेच येथे हवे असते.

तिसरे उदाहरण नात्यातले आहे, सख्खे नव्हे. नव्या मोबाइल फोनच्या पोटात जी सिलिकनची चकती असते, तिच्यावरच्या अतिबारीक रेघा एका विशेष प्रकाशाने कोरतात. तो प्रकाश कथलाच्या थेंबातून काढतात. होय, ज्याची कल्हई करतात तेच कथील. सेकंदाला पन्नास हजारांच्या आसपास थेंब पडत असतात आणि प्रत्येक थेंबाला लेसरचे ठोके बसतात. पहिला त्याला भाकरीसारखा थापतो, दुसरा त्याला पेटवतो. हे थेंब आपल्या पुंजक्यांपेक्षा फार मोठे आणि ठोकेही लाखोपट लांब. पण आधी फुगवा किंवा थापा, थांबा, मग जाळ द्या, ही रीत तीच.

शिक्षकांसाठी शेवटी एक प्रयोग सांगतो. त्याला लेसर लागत नाही. एक दोरा खिडकीच्या आडव्या गजावरून टाका. एका टोकाला लहानसा खडा बांधा, दुसरे टोक हातात धरा. गजापासून खड्यापर्यंतचा दोरा १० सेंटिमीटर ठेवा. एका मुलाला घड्याळाकडे पाहून दर सेकंदाला एक अशी टाळी वाजवायला सांगा, आणि दुसऱ्याला त्या टाळीवर वहीच्या पुठ्ठ्याने खड्याला हलकासा वारा घालायला सांगा. खडा नुसता थरथरेल. आता हातातला दोरा अगदी सावकाश सैल सोडत जा. वारा तोच, टाळी तीच. दोरा २५ सेंटिमीटरच्या आसपास आला की खडा एकाएकी मोठे झोके घेऊ लागेल, कारण तेवढ्या दोऱ्याचा लंबक एका सेकंदात एक हेलकावा पुरा करतो. दोरा ४० सेंटिमीटर झाला की झोके पुन्हा मंदावतील. लांबत जाणारा दोरा हाच फुगत जाणारा पुंजका समजा.

एवढे झाले की दुसऱ्यांदा करा, पण या वेळी दोरा १५ सेंटिमीटरवर असतानाच वारा थांबवा आणि दोरा सोडत राहा. काहीच होणार नाही. हा आखूड ठोका. तिसऱ्यांदा सुरुवातीला एकच फुंकर घाला, मग गप्प राहा, आणि दोरा २५ वर येताच टाळीवर वारा सुरू करा. वर्गातल्या मुलांना किती मिनिटांत फरक दिसतो ते पाहा. आणि हेलकावे मोजून वहीत लिहायचे काम मागच्या बाकावरच्यांना द्या.